भिंतभर पेशी

दाताच्या दवाखान्यात ठणकती दाढ धरून बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडलं. धाकटी शाळेत विज्ञान शिकवणारी.

“पडद्याला जोडायचा तो नवा सूक्ष्मदर्शक लावलास का गं?”

“वर्षभर झाकूनच ठेवला होता, ताई. चालवता आला नाही तर मुलांसमोर शोभा नको. काल म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.”

“मग?”

“तीनदा अडला. चौथ्यांदा कांद्याचा पापुद्रा ठेवला आणि पेशीच पेशी! भिंतभर, विटा रचल्यासारख्या.”

“त्यात काय एवढं? अठ्ठावीस वर्षं तेच शिकवतेस.”

“शिकवते. डोळे मिटून फळ्यावर काढते. पण पाहिल्या काल, पहिल्यांदा.”

शिंपी दाढ विसरला.

“मग शिकवलंस काय?”

“काय शिकवणार? खडू ठेवला आणि पहिल्या बाकावर मुलांच्यात सरकून बसले.”