सासूबाईंना कुठं कळतंय!

नाही, तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठं? परमुलखात सासू-सून एका छपराखाली, म्हणजे धुसफूस होणारच की! मन मोकळं करायचं कुणाजवळ? नवऱ्याजवळ? तो ‘हं’ म्हणतो आणि मोबाइल चार्जिंगला लावतो! म्हणून मी लिहायला लागले. मराठीत नाही हं, मी काय खुळी आहे? इथल्या भाषेत! म्हटलं, लिही बाई बिनधास्त, सासूबाईंना कुठं कळतंय!

तुम्हाला सांगते, काय म्हणून लिहिलं नाही! मी घासलेली भांडी त्या माझ्यादेखत पुन्हा घासतात... फोनवर "आहे... ठीक आहे सून..." असा सुस्कारा टाकतात, की नणंद तिकडून विचारते, "आई, दवाखान्यात नेलंय का तिला?" सगळं लिहिलं! आणि ग्रंथालयातल्या बाईंना ते इतकं आवडलं, म्हणाल्या, "परदेशातून आलेल्या लेखिकांची संध्याकाळ ठेवलीय, तुम्ही वाचाच!" लेखिका! मी! अंगावर मूठभर मांस चढलं हो.

तर सासूबाई म्हणतात, "मीही येते. घरात बसून काय भिंतींशी बोलू?" म्हटलं, येऊ देत बिचाऱ्या... त्यांना कुठं कळतंय!

बसल्या की पहिल्या रांगेत! मी वाचायला लागले. भांड्यांचं आलं, लोक हसले, त्याही हसल्या. म्हटलं, लोकांचं बघून हसत असतील. मग फोनवरच्या सुस्काऱ्याचं आलं... आणि त्या लोकांच्या आधी हसल्या! तरी मनाला समजावतेय, छे गं, सासूबाईंना कुठं कळतंय!

टाळ्या झाल्या आणि बाई म्हणाल्या, "आता आमच्या भाषावर्गातल्या नव्या लेखिका!" उठलं कोण? चष्मा पुसत, पदर सावरत... आमच्या सासूबाई! रोज दुपारी "पाय मोकळे करून येते गं" म्हणून जायच्या, त्या याच ग्रंथालयाच्या तळमजल्यावर शिकत होत्या! आणि लेखाचं नाव काय? ‘माझी सून’!

अडखळत वाचलं, पण काय वाचलं! म्हणे, सून भांडी घासते, पण भांड्यांना ते समजत नाही! म्हणे, सून रागानं कपाटं आपटते आणि विचारलं तर ‘वारा आहे’ म्हणते, खिडक्या बंद असताना! लोक पोट धरधरून हसतायत, माझ्या वेळेपेक्षा जास्त! ते जास्त लागलं बघा. आणि शेवटी म्हणाल्या, "इथं सगळ्यांशी शब्द जुळवत बोलावं लागतं. मनासारखं भांडता येतं ते फक्त सुनेशी. ती आहे तिथं माझं गाव आहे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरंच आलं! मला तरी इथं दुसरं कोण आहे हो भांडायला?

येताना हात धरला त्यांचा. म्हटलं, "आई, किती छान लिहिलंत!" तर म्हणतात, "आवडलं ना? मग आता मराठीत कर. तुझ्या नणंदेला, तुझ्या माहेरच्यांना, सगळ्यांना वाचायला पाठवू!"

झालं! आता बसलेय माझीच अब्रू मराठीत आणत. कपाटाचं वाक्य हळूच गाळावं म्हटलं, तर शेजारी चष्मा लावून त्या बसल्यात... आणि त्यांना सगळं कळतंय!