दिएमचा सेन्सर

सादेक गावच्या फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक गिरणीकामगार आणि त्याची इंजिनियर मुलगी उभी होती.

"दिएम, तुझ्या सेन्सरनं आज आमची अख्खी भातगिरणी बंद पाडली!"

"का हो, बाबा?"

"यंत्राचं बेअरिंग भयंकर तापलं होतं, भोवती कोंड्याची धूळ. पेटली असती तर गिरणीच उडाली असती."

"तुम्ही कुठे होतात?"

"शेजारीच."

"बाबा!"

"रडतेस काय, वेडे? मालक विचारत होता, सेन्सरचीच ठिणगी उडाली तर? म्हटलं, माझ्या पोरीनं त्यात वीजच इतकी कमी ठेवलीय, की ठिणगीनं धूळ पेटायची नाही."

"अगदी बरोबर सांगितलंत!"

"दोन वर्षं जेवताना दुसरं काय ऐकतोय? मालकाला आणखी आठ सेन्सर हवेत."

"आठ! मग काय म्हणालात?"

"म्हटलं, विचारून सांगतो. इंजिनियरबाई फार कामात असतात."