चारशे ऐंशी मोठे का शंभर मोठे

मी काटोलचा. काटोल म्हनलं का लोक पहिले विचारते, संत्र्याचा बगीचा किती हाय गा, तं बगीचा-बिगीचा काही नाई, माझा बाप मंडीत पेट्या भरते, अन मी त्या पेट्यायवर बसून व्यापाऱ्यायच्या नकला करत मोठा झालो. शाळेत हेडमास्तरची नकल केली अन मांगं हेडमास्तरच उभे, ते जाऊ द्या, ते सांगत बसलो तं जेवाची वेळ होईन. मंडीची गोष्ट सांगतो. तिथं एक व्यापारी म्हनते साठ पेट्या देतो, दुसरा म्हनते पाच हजार संत्रे देतो, अन नवा गिऱ्हाईक मोठा आकडा पाहून पाच हजाराच्या मांगं धावते. बाप मले म्हने, पहिले पेटीत संत्रे किती बसते ते विचार, मंग तोंड उघड. एका पेटीत शंभर बसले तं साठ पेट्यायचे झाले सहा हजार. समजलं ना.

आता मी सीताबर्डीत भाऊच्या दुकानात हाव. मेलेले कॉम्प्युटर येते, आम्ही त्यायच्या जुन्या डिस्कमधून माल काढतो अन नव्या डिस्कमंदी भरतो. अन काय सांगू तुम्हाले, डिस्कलेही आवाज असते. चांगली डिस्क म्हातारीच्या जात्यासारखी घरघर करते, मराले आलेली डिस्क टक, टक, टक, जसं कोनी दरवाजा ठोकून राहिलं अन आतून कोनी उघडूनच नाई राहिलं. मी तोंडानं दोन्ही काढून दाखवतो. भाऊ म्हनते, बंद कर बे, गिऱ्हाईकाले वाटते त्याचीच डिस्क गेली.

तं एक दिवस वंदनाताई आली, आमच्या काटोलचीच, संग तिचे बाबा. बापूराव. आमच्या इकडे त्यायले कोन नाई ओळखत, जयंतीले भीमगीतं म्हनाचे तं भोंगा बंद पडला तरी शेवटच्या गल्लीतले लोक टाळी वाजवत. मंग गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव राह्यला पन आवाज गेला. आता हातानं बोलते. ताईनं जुन्या कॉम्प्युटरमंदी त्यायचे सारे गाने भरून ठेवले होते अन तो कॉम्प्युटर बसला. ताई म्हने, पाह्य गा मंग्या, हे गाने दुसरीकडं कुठीच नाईत, कोनाच्या मोबाईलमंदी नाईत, इथून नाई निघाले तं बाबाचा आवाज मी पुन्हा कधी आयकनार नाई. बाबा स्टुलावर बसून.

डिस्क लावून पाह्यली. रुंद पट्टीच्या वायरची जुन्या काळातली डिस्क. उठली, गान्यायची नावं दिसली, ताई हासली, अन पाव एक तासात गरम होऊन टक, टक, टक, बंद. थंड होऊ देली. मी भाऊले म्हनलो, ही अजून एकच डाव उठन, आवाजावरून सांगतो. जे काढाचं ते त्या पाव तासात काढाचं.

भाऊनं लगेच यूएसबीचा अडाप्टर काढला. डब्यावर मोठ्ठं लिहून, चारशे ऐंशी. म्हने, हे लाव, त्या वायरच्या पट्टीवर तं शंभरच हाय. मी म्हनलो भाऊ, नको. काहून नको बे, तुले शंभर मोठा दिसते का? मी म्हनलो, हा अडाप्टर सुटे संत्रे सांगते अन पट्टी पेट्या सांगते. चारशे ऐंशी हे एका सेकंदाले जानारे मेगाबिट हाय, आठ बिट भरले तवा एक बाइट. आठानं भागा, साठ राह्यले, अन त्यातले अर्धे इकडच्या तिकडच्या निरोपात जाते, हाती येते तीस. पट्टीवरचे शंभर हे सरळ मेगाबाइट हाय. डिस्क म्हातारी हाय, ते शंभर नाई देत, पन चाळीस देते. तीस हजार मेगाबाइटचा माल हाय. तीसनं काढला तं जवळपास सतरा मिनिटं, चाळीसनं काढला तं साडेबारा. पाव तासात कोनता बसते?

भाऊ म्हने, अन नव्या डिस्कवर दीड हजार लिहून हाय ते? म्हनलो तेही बिट, अन त्याले तं दहानं भागा लागते, कारन दहातले दोन पॅकिंगमंदीच जाते, पेटीत गवत कोंबते तसे. दीडशे उरते. भल्ले झाले, आपला चाळीसचा नळ अन दीडशेची बालटी, सांडत नाई.

भाऊ म्हने, लाव मंग पट्टी. बिगडलं तं ताईसमोर तूच उभा राह्यजो.

दोन्ही डिस्क लागतीन असा जुना मदरबोर्ड काढला, टेबल फॅन डिस्कच्या तोंडावर लावला, सुरू केलं. घरघर घरघर. ताई पडद्यावरची सरकती पट्टी पाहे, बाबा मले पाहे. अर्ध्याच्या वर गेलं अन आत एक टक झालं. माझी सारी नकल तिथंच वाळली. भाऊनं फॅन हातानं धरून अजून जवळ नेला. अजून एक टक. अजून एक. अन पडद्यावर आलं, झालं म्हनून. म्या नव्या डिस्कमंदलं पहिलं गानं लावलं, अन जुनी डिस्क तिकडं कायमची चुप झाली, कोनाचं लक्षही नाई.

काय आवाज होता हो. बाजूच्या मोबाईलवाल्यानं धंदा सोडून डोकं आत घातलं. ताई शटरकडं तोंड करून उभी. बाबानं काउंटरवर ठेका धरला, अन मले राह्यवलं नाई, मी त्यायच्या आवाजात पुढची ओळ ओढली. ताई घाबरली, म्हने मंग्या, मस्करी करून राह्यला का. बाबानं बोट हालवलं, चूक. हात वर केला, अजून उंच. मी अजून उंच घेतलं. पुन्हा चूक. चौथ्या डावात त्यायनं मान हालवली अन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता भाऊ येनाऱ्या हरेक गिऱ्हाईकाले सांगते, डब्यावरचा आकडा नका पाहू, पहिले विचारा बिट का बाइट, जसं काही त्यालेच सुचलं होतं. सांगू द्या. मी रविवारी काटोलले जातो, बाबा रेकॉर्ड लावून मले समोर बसवते. परवा रामटेकले कार्यक्रमात त्यायचंच गानं गायलो तं एक बाई म्हने, अगं माय, बापूराव वापस आले का. म्हनलो, वापस काहून येतीन मावशे, गेलेच कुठी, ते पाह्य, पहिल्या लाइनीत बसून माझ्या चुका काढून राह्यले.