अद्रकीच्या कागदाला प्लास्टिक

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झेरॉक्सवाल्या रामकिसननं ते लॅमिनेशनचं मशीन गरम केलं, तिथनंच आमचं नशीब भाजायला लागलं, आणि वर सगळे मलाच इचारतात, तुला कुणी सांगितलं होतं गं? कुणी सांगायला कशाला लागतं? महत्त्वाचा कागद घरात आला की त्याला प्लास्टिक घालायचं, हे आमच्या गारखेड्यात शेंबड्या पोराला ठाऊक हाय. माझ्या सातवीच्या दाखल्याला प्लास्टिक, आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, रेशनकार्डाला प्लास्टिक... मग दुबईच्या अद्रकीच्या कागदानंच काय घोडं मारलं होतं?

तुम्हाला सांगते, आमचे हे, बद्रीनाथ, आणि त्यांचे भागीदार कय्युमभाई, दोघं करमाडला अद्रक धुऊन, खोक्यात भरून बाहेर पाठवतात. यंदा पहिल्यांदाच अख्खा कंटेनर दुबईला. सव्वीस टन. जहाजवाल्यांनी माल चढवून घेतला आणि तीन कागद धाडले, बिल ऑफ लॅडिंग म्हणतात त्याला. तिन्ही अस्सल. त्यातला कुठलाबी एक तिकडं दाखवला की माल सुटतो, मग उरलेले दोन रद्दी. आणि दाखवलाच नाय तर? तर अद्रक तिथंच पडून कुजणार. कुरिअर आलं तेव्हा कय्युमभाईंनी ते कागद दोन्ही हातांनी माझ्याकडं दिले, तान्हं लेकरू देतात तसे, आणि म्हणाले, "भाभी, इसको कागज नक्को समझो. जिसके हाथ में कागज, उसका माल." दुपारी बँकेत द्यायचे, तवर जपा.

जपा म्हणजे काय करायचं हो? माझी चिमी दहा महिन्यांची. तिनं गॅसचं पुस्तक खाल्लंय, लाइटबिल भिजवलंय. कागद दिसला की तिला शू लागतेच. मांडीवर सव्वीस टन अद्रक आणि त्याच मांडीवर चिमी, मग कागद किती वेळ टिकणार? उचललं लेकराला आणि गेले रामकिसनच्या झेरॉक्सच्या दुकानात. म्हटलं, तिन्हीला घाल. आता हे म्हणतात, एक तरी सोडायचा. मी म्हणते, तिन्ही अस्सल, मग दुजाभाव कशाला?

दुपारी हे बँकेतनं आले ते पांढरेफटक. बँकेतल्या साहेबानं म्हणे कागद हातात घेतला, वाकवून बघितला, वर टिचकी मारली, टक्क वाजलं. म्हणाला, "सही कुठं करता आता?" कारण कागदाच्या पाठीवर ह्यांची सही लागते. सही केली की माल पुढच्याचा, मग बँक तो कागद दुबईच्या बँकेला देणार, ती पैसे भरून घेतल्यावर तिथल्या माल घेणाऱ्या शेटला देणार, तवा शेट जहाजवाल्याच्या दारात उभा ऱ्हाणार. पाठ बंद तर सगळंच बंद.

हे मला काय बोलले नाय. तीच तर भीती. हे गप बसले की कुणाला तरी हाणतात.

निघाले तडक रामकिसनकडं, मागनं मी, काखेत चिमी, माझ्यामागं आत्याबाई. हे म्हणाले, काढ. रामकिसननं छाती फुगवली. म्हणाला, "भाऊ, आपलं लॅमिनेशन माणूस मेल्यावर बी निघत नाय." असं बोलावं का तवा? ह्यांनी काउंटरवरची लोखंडी पट्टी उचलली आणि दिली त्याच्या कानशिलात. त्यानं पंचमशीन घातलं ह्यांच्या नाकावर. रक्ताची चिळकांडी थेट वधूवरांच्या बायोडेट्यावर. कय्युमभाई पळत आले, मधी पडले, समजावायला तोंड उघडलं तर दोघांचे दोन ठोसे त्याच तोंडात, आणि पुढचा दात झेरॉक्सच्या काचेवर. मशीन चालू होतं. दाताच्या चार प्रती निघाल्या. आत्याबाईंनी चप्पल काढली, पण चष्मा घरी, आपला कोण परका कोण दिसंना, त्यांनी सगळ्यांना सारखंच झोडलं, आधारकार्ड घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाला बी. मग रामकिसननं ब्लेड उचललं. मला वाटलं, गेलं माझं कुंकू... पण तो कागदाकडं वळला, घ्या काढतो म्हणत चीर दिली, आणि प्लास्टिकसंगं अक्षरं सोलून आली. जहाजाचं नाव निम्मं गेलं. तवा मी चावले त्याला. मनगटाला, हाडापतूर. चिमी टाळ्या वाजवत होती.

पोलीस आले. हवालदारानं रक्ताळलेले तिन्ही कागद पिशवीत घातले, वर लाखेचं सील. मुद्देमाल. आता तुम्हीच सांगा, जिसके हाथ में कागज, उसका माल, मग सव्वीस टन अद्रक कुणाची? ठाण्याची! कय्युमभाई त्या फुटक्या तोंडानं हवालदाराला समजावत होते, साहब, या घडीला तुम्ही दुबईतले मोठे व्यापारी. हवालदार म्हणाला, "मग चहापुरती तरी आणा की." आणि मी बाकड्यावर बसून एकच इचार करत होते, ह्यांना हर्सूलला घातलं तर चिमीचा पहिला वाढदिवस जेलच्या फाटकापाशी करायचा का?

चार दिवस गेले. जहाज दुबईला लागलं बी. मग रामकिसननं तक्रार मागं घेतली, एका अटीवर: म्हातारी पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाय. ठाण्यातनं कागद सोडवून हे मुंबईला गेले. जहाजवाल्यांनी जुने तिन्ही मोजून परत घेतले, एक जरी कमी असता तर हात लावला नसता. हमीपत्रं लिहून घेतली, नवे तीन दिले. तवर शेटचा फोन, कंटेनर जास्त दिवस ठेवला तर अद्रक खायची नाय, लावायची.

नवे कागद ह्यांनी कुणाच्या हातात दिले नाय. माझ्या तर नायच. पाटावर ठेवले आणि तोंड धुवायला गेले. तोंड धुवायला किती वेळ लागतो? चिमी त्याच आठवड्यात रांगायला शिकलेली...

तिन्ही भिजवले. दुजाभाव नाय.

ह्यांनी मारायला काय घावतंय का बघितलं, पण कय्युमभाईंच्या दातानं सोललेला हात अजून बँडेजमधी. ताटात घालून नेले कागद बँकेत, मी मागनं रडत. साहेबानं पंख्याखाली धरले, वाळवले, नाक मुरडलं, पाठीवर पेन टेकवून बघितलं. म्हणाला, "वास येतोय. पण सही उठती. चालतंय." मुंबई नाय, पोलीस नाय, काय नाय. आठवड्यात अद्रक सुटली.

मग कय्युमभाईंचा दात कशापायी गेला?

जाऊ द्या. एवढंच करा, तुमच्या माहेरी, गल्लीत, कुणाचा माल जहाजानं जात आसंल तर त्याच्या बायकोला निरोप द्या: लेकरू मुतलं तरी चालतंय, प्लास्टिक तेवढं घालू नको.