बसूअण्णाची वाकडी किक

माझं नाव महादेव, पण त्या नावानं हाक मारणारी आई व्हती ती गेली. बाकी गावाला म्या कर्णेवाला महादू, आन् लहानांचा महादूमामा. गाव आमचं मुरूमच्या पल्याड, अर्धं गाव मराठी बोलतंय, अर्धं कानडी, आन् भांडताना सगळेच दोन्ही बोलतेत. वडील मुरूमला एका लाऊडस्पीकरवाल्याकडं कामाला व्हते. त्या मालकानं म्हातारपणी धंदा मोडला तवा वडलाला दोन कर्णे, एक मशीन आन् एक माइक देऊन टाकला. तीच आमची जमीन, तेच आमचं घराणं. लग्न, बारसं, सप्ता, इलेक्शन, कुणी गेलं तर माती किती वाजता हाय ते सांगायचं, सगळं ह्या तोंडानं केलं. आन् घातबी ह्याच तोंडानं केला, ते सांगतोच, बसा जरा.

तुमी इचारलाव फुटबॉल आमच्याकडं कुठनं आला. आमच्या भागात कबड्डी, खोखो चालायचं, फुटबॉल कुणी बघितला व्हता? गुलबर्ग्याकडचे एक गुरुजी शाळेवर आले, त्यांच्या ट्रंकेत एक बॉल व्हता. त्यांनी पोरं गोळा केली, गायरानावरचे दगड येचले, बांबू रोवले, चार-पाच वर्षांत जत्रेतल्या कुस्त्यांसंगं फुटबॉलचे सामने सुरू झाले, तीन दिवस, पार कर्नाटकातनं टीमा येयच्या. गुरुजी म्हणले, महादू, माइक तुझाच हाय, बोलायचंबी तूच. म्या म्हणलं गुरुजी मला त्यातलं काय कळत न्हाय. गुरुजी म्हणले, बघणारालाबी कळत न्हाय, बोल तू.

मग काय, बोललो की. पहिल्या वर्षी गोल झाला की म्या विकेट पडली म्हणायचा, लोकालाबी पटायचं. गोलकीपरला एकदा राखणदार म्हणलं, तर ते नाव त्याला असं चिकटलं की त्याच्या लग्नपत्रिकेत कंसात राखणदार छापलंय, खोटं वाटत असंल तर पत्रिका दावतो. आन् ऑफसाइड म्हंजे काय, ते तीस वर्षं झाली मला अजून कळलं न्हाय. कडंचा माणूस झेंडा वर करायचा आन् म्या माइकवर सांगायचा, काहीतरी झालेलं हाय, मंडळींनी शांतता राखावी.

तर त्याच पोरात बसवराज व्हता. आमचा बसूअण्णा. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण अख्ख्या गावाचा अण्णा, माझाबी. ईस वर्षांचा होईस्तोवर अनवाणी खेळला. त्याच्या उजव्या पायाचं काय सांगू तुमाला, एकदा लांबनं असा बॉल मारला की गोलचा दांडा निखळून पडला. दांडा बांबूचाच व्हता म्हणा, आन् रोवलेलाबी म्याच. जिल्ह्याकडनं खेळला, सोलापूरला खेळला, पेपरात फोटो आला, त्यात त्याचं तोंड दिसत न्हाय, पाय दिसतोय. तो फोटो माझ्या मशीनच्या पेटीत आतल्या बाजूनं चिकटवलेला हाय.

आमच्या गावाची एक रीत सांगतो. आमच्याकडं कुणी चांगलं खेळलं तर माणसं गप ऱ्हाऊन बघतेत, चुकला की तोंड सुटतंय. एका फायनलला अण्णानं पेनल्टी मारली ती दांड्यावरनं गेली ती थेट रसवंतीच्या गाड्यावर, बर्फ सांडला, गिलास फुटले. खलीलभाई हायत आमचे, पंक्चर काढायचं दुकान, बॉलच्या ब्लॅडरचं पंक्चरबी तेच काढायचे, ते उठून वरडले, अबे अण्णा, गोल इधर था, तू मुरूमकू पार्सल भेजा क्या! सगळं गायरान हसलं. पुढं वर्षभर अण्णा दुकानावरनं गेला की खलीलभाई इचारायचे, पार्सल पोहोचा क्या रे? आन् अण्णा थांबून कानडीत दोन शिव्या हासडायचा आन् तिथंच बसून च्या प्यायचा. आमचं हे असंच, कौतुक कसं करतेत ते कुणाला येतच न्हाय.

खेळणं थांबल्यावर त्यानं पिकअप घेतली, भाजीपाला न्यायचा. लगीन झालं, दोन पोरी झाल्या. जत्रेत मात्र माझ्या शेजारी येऊन उभा ऱ्हायचा आन् म्या चुकलो की माइकमधी ऐकू जाईल असं म्हणायचा, मामा, त्याला थ्रो म्हणतेत, थ्रो.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सासरवाडीला जळकोटला मोटरसायकलवर चालला व्हता, दिवेलागणीची येळ, रस्त्याच्या कडंला उसाची ट्रॉली उभी, मागं लाल दिवा न्हाय, काय न्हाय. आदळला. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याच्या खालनं काढावा लागला. सोलापूरला दवाखान्यात.

आमाला सकाळी कळलं. खलीलभाईंनी तीन दिवस दुकान उघडलं न्हाय. पोरांनी अण्णाची जुनी जर्सी गोलच्या दांड्याला अडकवली, म्या जाऊन काढली, म्हणलं जित्या माणसाचं कापड असं टांगतेत का रे? मग बावीस माणसं टेंपोत बसून सोलापूरला गेलाव. हरेकाच्या हातात शहाळं. आत दोन-दोनच माणसं सोडायलते. खाटंखाली शहाळ्यांचा ढीग लागला, नर्सबाई म्हणली, रसवंती काढायची हाय का इथं? माझी पाळी आली. वाटंनं ठरवून गेलतो की धीर द्यायचा, रडायचं न्हाय. आत गेलो, चादर एका बाजूला सपाट दिसली, आन् काय बोलायचं ते सुचंना, तर ह्या तोंडातनं निघालं, अण्णा, लवकर बरं व्हा, जत्रा आली, टीमला तुमची गरज हाय, पुन्हा उभं ऱ्हायचंय आपल्याला. उभं ऱ्हायचंय! अण्णानं भिताडाकडं तोंड केलं. खलीलभाईंनी मला दंडाला धरून भाईर आणलं आन् जिन्यात म्हणले, महादू, तेरे जबानकू बटन न्हई क्या रे, माइककू तो रहता.

त्यो घरी आला तवा गाव भेटायला लोटलं. येणारा पहिलं पायाकडं बघायचा, मग तोंडाकडं. बसायचं, आपल्या पाहुण्यातल्या कुणाचा हात गेला, कुणाचा डोळा गेला ते सांगायचं, डोळं पुसायचं, च्या पिऊन जायचं. म्याबी त्यातलाच. आन् खरं सांगू का, आमी त्याच्यासाठी रडत न्हवताव, आमी आमच्यासाठीच रडायलताव. आमच्या गावात दावायला दुसरं काय व्हतं? पाहुणा आला की सांगायचाव, बसूअण्णा आमच्या गावचा. त्याला खेळ सोडून पंधरा वर्षं झालती तरी सांगायचाव. आता पाहुणा उलटा इचारायचा, पाय गेला त्योच का? राग यायचा, पण कुणावर काढावा ते कळायचं न्हाय. महिनाभर हे चाललं आन् एक दिवस अण्णानं दार लावून घेतलं. कुणाला भेटंना. मागल्या खोलीत बसून ऱ्हायचा. पिकअप दारात उभी, टायरातली हवा गेलेली.

चार महिने असे गेले. जत्रेच्या आधी पंधरा दिवस महानंदावैनी, अण्णाची मालकीण, माझ्या घरी आल्या. कधी आल्या न्हवत्या. म्हणल्या, मामा, जखम भरली, कुबड्या आणल्यात, चालता येतंय त्यास्नी, पण माणूस उंबरा वलांडंना. पोरगी म्हणती बाबा शाळेपतुर चला, तर तिच्यावर वरडतेत. म्या किती दिवस त्यांच्याकडं बघत बसू? तुमाला जमंल तसं करा, पण एकदा भाईर काढा. माझी बायको मागनं म्हणली, वैनी, ह्यांच्याकडं काम देऊ नका, हे बोलायला गेले की उलटं हुतंय. खोटं न्हवती बोलत.

म्या आन् खलीलभाई गेलाव. दार उघडंना तर खलीलभाई भाईरनंच म्हणले, अण्णा, उद्घाटनकू पाहुणा मंगता, आमदार नको बोला, तू आ. आतनं आवाज आला, एक तास बसंन. हार न्हाय, सत्कार न्हाय, पायाचं नाव कुणी काढायचं न्हाय, कुणी रडायचं न्हाय. कबूल असंल तर सांगा. आमी दोघांनी दाराला हात लावून कबूल म्हणलं.

मग म्या गावभर फिरून सांगितलं, माइक न लावता सांगितलं हे ध्यानात घ्या. पोरासोरापासून म्हाताऱ्यापतुर, पाय हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाय. लोकं अशी भेली की देवळात पायरी म्हणतानाबी दचकायली.

तो दिवस आला. अण्णा आला. वैनी मागं, पोरी दोन बाजूला, कुबड्या टेकत आला, खुर्चीवर बसला. पँटचा पाय दुमडून पिन लावलेली. सगळं गायरान भरलेलं, पण आवाज न्हाय, जणू शाळा तपासायला साहेब आलाय. लोकं आभाळाकडं बघायले, एकमेकाकडं बघायले, अण्णाकडं कुणी बघंना. मला वाटलं जमलं, माझी जिम्मेदारी पार पडली.

आता माझ्याकडं एक कागद हाय. उद्घाटनाचं बोलायचं सगळं त्यावर लिहिलेलं, झेरॉक्सवाल्याकडनं प्लास्टिक चढवून आणलेला, बारा वर्षांपासून तोच. पाहुण्याच्या नावाची जागा मोकळी हाय, तिथं स्केचपेननं नाव लिहायचं, दुसऱ्या वर्षी थुकी लावून पुसायचं. सकाळी म्या चांगल्या अक्षरात बसवराज लिहिलं. आन् सवयीनं वाचायलो. मंडळी, आजचे आपले लाडके पाहुणे श्री बसवराज हे आता मैदानाच्या मध्यभागी जाऊन चेंडूला पहिली किक मारून...

आवाज दोन कर्ण्यांतनं पार माळाला लागून परत आला. किक मारून, मारून, मारून. खलीलभाईंनी डोक्यावरची टोपी काढून तोंड झाकलं. वैनी माझ्याकडं असं बघायल्या की धरणी फाटली असती तर म्या मशीनसकट आत गेलो असतो. कागद खाली ठेवला, माइक बंद करायला बटन सापडंना.

अण्णा उठला. वैनी म्हणल्या, अवं, कुठं, चला घरी. त्यानं ऐकलं न्हाय. कुबड्या काखंत घेतल्या आन् घराकडं वळला न्हाय, मैदानात निघाला. तेवढं अंतर कापायला लई येळ गेला. पोरं धरायला पुढं झाली, त्यानं मानंनंच न्हाय म्हणलं. मधी पोचला. बॉलकडं बघत उभा ऱ्हायला. मग दोन्ही कुबड्या घट रोवल्या, अंग त्यावर टाकलं, आन् डावा पाय मागं नेऊन मारला.

बॉल पाच-सहा पावलं गेला आन् तोबी तिरका. अण्णाचा तोल गेला, खाली बसला, एक कुबडी लांब जाऊन पडली.

बायांनी तोंडाला पदर लावला. आन् अण्णा खाली बसल्या बसल्या माझ्याकडं बोट करून वरडला, मामा, गप का बसलाव? माइक चालू हाय न्हवं? सांगा की किक कशी गेली.

चांगली गेली म्हणावं तर डोळ्यांम्होरं पडलेली. पहिल्यांदा म्या बोलायच्या आधी इचार केला, आयुष्यात पहिल्यांदा, आन् मग म्हणलं, अण्णा, लई वाकडी गेली.

खलीलभाई उठले, आवाज फाटलेला त्यांचा, क्या अण्णा, चार महिने घर में बैठके येच सीखा क्या रे!

मग जे तोंड सुटलं गावाचं, काय सांगू तुमाला. कुणी म्हणलं दुसरा पाहुणा बोलवा, कुणी म्हणलं रेफरी, लाल कार्ड दावा ह्याला. तोंडानं शिव्या चालूयत आन् डोळ्यांतनं पाणी चालूय, अट मोडली सगळ्यांनी. अण्णा हसला का? हसला न्हाय. त्यानं जमिनीवरचा खडा उचलला आन् खलीलभाईला मारला, आन् म्हणला, बॉल आणा हिकडं, पुन्हा मारतो. दुसरी सरळ गेली. दुसरीला कुणी काय बोललं न्हाय.

तुमाला वाटंल आता सगळं गोड झालं. तसं न्हाय. पडल्यावर जखमंला मार लागला, आठ दिवस पट्टी करावी लागली, महानंदावैनीनं मला महिनाभर दारात उभं केलं न्हाय, बरोबरच हाय त्यांचं. नंतर खोट्या पायाचं माप दिलं, पाय आला, तो टोचतो म्हणून कोपऱ्यात पडून असतोय. रात न्हाय दिवस न्हाय, उगंच चिडतोय, गेलेल्या पायाचा अंगठा दुखतोय म्हणतोय. पिकअप नात्यातल्या एका पाहुण्याला चालवायला दिली. गायरानावर कधी येतोय, कधी चार दिवस येत न्हाय. आला की पोरांना शिकवतोय, म्हंजे शिव्याच देतोय, आन् पोरंबी आता त्याला उलटं बोलायला भेत न्हाईत. मला ऑफसाइड समजवायला त्यानं एकदा मातीत रेघा मारल्या, अर्धा तास गेला, म्या मान डोलवली, त्यालाबी कळलं की मला कळलं न्हाय.

परवा वैनी दळण घेऊन चालल्या व्हत्या. भेत भेत इचारलं, वैनी, कसं हाय? थांबल्या. म्हणल्या, पहिल्यासारखं कुठलं, मामा. पण सांजच्याला हाक मारली तर घरातनं ओ येत न्हाय, गायरानावर माणूस धाडावा लागतोय. म्या म्हणलं, मग धाडत जावा. म्हणल्या, व्हय, धाडते की.

तेवढं झालं, लई झालं. बायकांनी असंच हाका मारत ऱ्हावं आन् माणसं भाईर सापडावीत, देवाकडं दुसरं काय मागायचं? बरं, हे सगळं लिहिणार असताल तर लिहा, पण दवाखान्यातलं जरा कमी करा, बायको वाचती.