‘भडका’ ऐकताना झोप लागते

...नाही नाही, हसू नका, मला खरंच भीती वाटते! तुम्ही म्हणाल, एवढा दांडगा माणूस, दिवसभर ड्रम बडवतो, आणि भितोस कुणाला? तर तुम्हाला सांगतो... बाळांना. हो, बाळांना! तान्ह्या! ज्यांना दात नाहीत, मान धरता येत नाही, अशा! एखादं असतं तर मीही कडेवर घेतलं असतं हो, पण अख्खं सभागृह भरून बाळं, आणि समोर आम्ही चौघं... आत्ता नुसतं सांगतोय तर तळहात बघा, ओले झालेत!

थांबा, असं कळायचं नाही. आमचा बँड आहे, रॉकवाला. मागे कंपनी नाही, डोक्यावर मालक नाही. गाणी आम्हीच लिहायची, आम्हीच वाजवायची, आम्हीच रेकॉर्ड करायची आणि घरच्यांची बोलणीही आम्हीच खायची. गातो तो वाघ. खरं नाव वेगळं, पण गायला लागला की डरकाळीच, म्हणून वाघ. एरवी चष्म्याच्या दुकानात ‘काका, खालची ओळ दिसतेय का?’ असं मऊ मऊ बोलणारा माणूस, पण माइक हातात आला की शेजारचं कुत्रं पलंगाखाली जातं!

आमचा पहिला अल्बम आमच्या नातेवाइकांनी ऐकला. दुसरा नातेवाइकांनीही नाही ऐकला. तिसऱ्याच्या वेळी वाघ म्हणाला, ‘हा नाही चालला तर मी सोडणार. कायमचा.’ वाघ गेला की बँड गेला, आणि बँड गेला तर मला दुसरं येतं काय? आमचे भावजी, ताईचे यजमान, केव्हाचे टपून बसलेत, ‘अरे, आमच्या फरशीच्या दुकानात ये की! तिथेही ठोकायचंच असतं!’ हसू नका, मला खरंच भीती वाटते त्या दुकानाची.

तर अल्बमचं नाव ‘भडका’. नुसता संताप! साहेबावर संताप, घरमालकावर संताप, एक गाणं तर अख्खं बंद पडलेल्या लिफ्टवर. आमची तालमीची खोली तळघरात. खिडकी नाही, वारा नाही, म्हणून माझ्या पाठीशी एक उभा पंखा. जुना, मान मोडलेला, सतत घुर्रर्रर्र... घुर्रर्रर्र... आणि इतकी वर्षं आम्ही त्याच्यासमोर वाजवतोय, की तो आम्हाला ऐकूच येत नाही! आमच्या कानांना शांतता म्हणजेच ती घुर्रर्र! रेकॉर्डिंगला वाघ ओरडला, ‘एकदम शांतता!’ आम्ही सगळे चिडीचूप, आणि पंखा चालू. बंद करायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बरं, नंतर सगळं नीट तपासून ऐकलं की नाही? ऐकलं ना! कुठे? त्याच खोलीत. पंखा लावून!

झालं, अल्बम बाहेर पडला. आधी कुत्रंही विचारेना, आणि मग अचानक ऐकणाऱ्यांचा आकडा जो पळायला लागला! वाघ नाचायचा बाकी. लोक काय लिहितायत म्हणून बघतो तर... ‘तुमचे उपकार कसे फेडू.’ ‘पहिल्या गाण्यातच झोपली.’ वाघ म्हणाला, ‘झोपली? कोण झोपली?’ एका समीक्षकाने मात्र लिहिलं, ‘या संतापाच्या तळाशी अस्तित्वाची अखंड घरघर ऐकू येते.’ वाघाने ते आरशावर चिकटवलं. मला आतून काहीतरी कळलं होतं, पण सांगायचं धाडस कुणाला!

तेवढ्यात ताईचा फोन. तिचं बाळ जन्मल्यापासून रडतंय, आणि ताई हुंदके देत म्हणते, ‘अरे, झोपलं रे! तुझ्या त्या भडक्यावर झोपलं! त्या मागच्या घुर्रर्रवर! तो मेला मधेमधे ओरडतो त्याचं काही वाटत नाही त्याला, पण गाणं संपून घुर्रर्र थांबली की टक्क जागं! तेवढं थांबवू नका रे!’

तो मेला! वाघ! आणि फोन स्पीकरवर!

तो ओरडला असता तर परवडलं असतं, पण नुसता भिंतीकडे बघत बसला आणि म्हणाला, ‘मी माणसं जागी करायला गाणी लिहिली होती रे.’ मला फार वाईट वाटलं हो. आणि त्याहून जास्त भीती, की आता हा उठणार आणि जाणार.

त्यात सभागृहवाल्याचा निरोप, तिकिटं संपली! फक्त कार्यक्रम भर दुपारी ठेवा, बाळांची झोपेची वेळ, आणि पुढच्या खुर्च्या काढतोय, बाळगाड्या मावत नाहीत. वाघ म्हणाला, ‘येतो. शेवटचा.’

पडदा उघडला. तुम्हाला सांगतो, माझी पाचावर धारण बसली. बाळगाड्याच बाळगाड्या! मागे आईबाप, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि आमच्याकडे बघतायत कसे, तर ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टरकडे बघतात तसे! मंचावर मध्यभागी आमचा तळघरातला पंखा. लावला. वाजवायला लागलो. वाघ गरजतोय, मी बडवतोय, आणि समोर एकेक मान कलंडतेय. आधी बाळं, मग बाप, मग एक आजोबा उघड्या तोंडाने...

लिफ्टचं गाणं आलं. त्यात वाघ उडी मारतो. नेहमीच मारतो! मारली, आणि पाय गेला वायरीत. पंख्याची पिन बाहेर. घुर्रर्र... र्र... र... बंद!

आम्ही चौघंही थिजलो. पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, मी खरी शांतता ऐकली हो! भयानक असते! एका गाडीत एक मूठ हलली. दुसरीकडे ‘अँ...’ एक आई पुटपुटली, ‘नको, नको, नको...’ हसू नका, मला खरंच भीती वाटते अजून, त्या ‘अँ’ची! हात उचलेना, वायर सापडेना, मी वाघाकडे बघितलं आणि वाघही भ्यायलेला! चष्म्याच्या दुकानातला तो मऊ माणूस झालेला. मग तो हळूच गुडघ्यांवर बसला, माइक ओठांना लावला आणि घशातून, अगदी खालून... घुर्रर्रर्रर्र.

मूठ थांबली. ‘अँ’ विरघळला. वाघ घुरघुरतोय, डोळ्यांतून पाणी चाललंय, आणि सगळं सभागृह गाढ! पिन लावायला मी निघालो, तर त्याने हातानेच खूण केली, राहू दे.

आत आल्यावर मी जीव मुठीत धरून उभा, आता हा काय बोलतो. तो घटाघट पाणी प्यायला आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, ‘ती बाळं माझ्या आवाजावर झोपली. पंख्याच्या नाही.’ आणि पुढच्या तालमीची वेळ विचारली!

तर बँड आहे. वाघ आहे. फरशीचं दुकान टळलं. सगळीकडून बोलावणी येतात, आणि शेवटचं गाणं झालं की आम्ही बूट हातात घेऊन चवड्यांवर मागच्या दाराने निघतो. पण परवा काय झालं, मागच्या रांगेत एक माणूस उठून उभा राहिला, डोळे भरलेले, आणि राहवलं नाही बिचाऱ्याला, कडाडून टाळी वाजवली! एवढ्या वर्षांत मिळालेली माझी पहिली खरी टाळी... आणि तुम्हाला सांगतो, ओठांवर बोट ठेवून त्याच्या अंगावर ‘शूऽऽऽ!’ करत धावून जाणारा पहिला माणूस मीच होतो.