दप्तरवाल्याच्या चपला

...आणि वर आई मलाच म्हणते, तोंड पाडून का बसलायस, जिंकलास ना! जिंकलो? तुम्हाला सांगतो, असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. अहो, मी केलं काय असं? दरोडा घातला? कोणाला फसवलं? म्हणजे... फसवलं, पण बघितलंच ना फक्त?

मुळापासून सांगतो. टीव्हीवर ती पोलिसांची मालिका आहे, नऊ पर्वं झाली, दहावं शेवटचं. ती मी आणि बाबा मिळून बघतो. आमच्यात बोलणं म्हणाल तर तेवढंच. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, पस्तीस वर्षं. तिथे लोकांच्या चुका शोधायचे, घरी आले की माझ्या. आता निवृत्त झालेत, म्हणजे छापखान्यातून. माझ्या बाबतीत अजून कामावरच आहेत. तर आमचा नियम असा, की दिवसाला एकच भाग बघायचा, आणि तिसरा भाग संपला की दोघांनी गुन्हेगार कोण ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवायच्या. उघडायच्या शेवटच्या भागानंतर. नऊ पर्वं, नऊ वेळा बाबा बरोबर. आणि मी? एकदा तर मी ज्याचं नाव लिहिलं तो चौथ्याच भागात मेला! बाबा रागावले नाहीत. नुसतं 'हं' म्हणाले. त्या 'हं'मध्ये माझी शाळेपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं होती.

आणि मग आलं हे शेवटचं पर्व, दहाचे दहा भाग एकदम. पोलीस ठाण्यातलाच कोणीतरी टोळीला बातम्या पुरवतोय, तो कोण, एवढाच प्रश्न. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारीचे फोन घेतो. जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, पहिली पाच मिनिटं बघू... पाच मिनिटं! दोन दिवसांत दहा भाग, टेबलाखाली मोबाइल धरून! नेमका शेवटचा भाग रंगात आलेला आणि एक बाई तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या, फोनवर म्हणतायत, 'अहो, जीव घाबरा होतोय,' आणि मी म्हणतो, 'बाई, चारच मिनिटं राहिलीत!' त्यांना वाटलं, आमचा माणूस निघालाय. आभार मानले हो त्यांनी माझे. आठवलं की अजून कान गरम होतात. पण बघितलंच ना फक्त?

बरं, घरी चुकीचं नाव लिहायचं आणि गप्प बसायचं, हे माझं पक्कं ठरलेलं. पण बाबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, 'लिही काहीतरी, तुझं काय.' त्या 'काहीतरी'नं घात केला. खरं नाव लिहून मोकळा झालो, दप्तरवाले काका! म्हणजे ठाण्यातल्या फायली सांभाळणारा म्हातारा, अगदी गरीब गाय. पुढे सात संध्याकाळी मी जो अभिनय केला... दचकायच्या जागी दचकलो, दोनदा तर जागा यायच्या आधीच दचकलो.

दहावा भाग संपला, चिठ्ठ्या उघडल्या. बाबांनी लिहिलं होतं, ठाण्याचा डॉक्टर. त्यांचे दहापैकी दहा व्हायचे होते, घालवले मी. रागावले असते तर सुटलो असतो, पण त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, 'कशावरून ओळखलंस?' चाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसानं मला असं काही विचारलं, जे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. आणि मी म्हणालो... 'चपलांवरून.' कसल्या चपला? मला काय माहीत! तोंडाला आलं ते बोललो.

झालं! बाबा वही घेऊन पुन्हा पहिल्या भागापासून चपला तपासायला बसले. आणि तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, 'माझे डोळे गेले रे. मला डॉक्टरकडे ने.'

नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. बाबांनी शेवटची ओळ वाचली, तिच्याखालचं छापखान्याचं बारीक नावही वाचलं. डॉक्टर म्हणाले, 'आजोबा, नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.' बाबा बाहेर बाकावर येऊन बसले. 'म्हणजे डोळे नाहीत,' ते म्हणाले. 'डोकंच गेलं.'

तुम्हाला सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकलं सगळं. म्हटलं, बाबा, मी ऑफिसात आधीच बघितलं होतं, चपलाबिपला काही नव्हत्या.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

'आहेत चपला. दुसऱ्या भागात, दप्तरवाल्याच्या दाराशी, चिखलानं भरलेल्या. पहिल्या वेळी सुटल्या माझ्याकडून. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस होय? एवढा शहाणा कधी झालास रे तू?'

मी शपथा घेतल्या. ते नुसते हसत होते. घरी येऊन आईला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, छापखान्यातल्या जुन्या दोस्तांना फोन करकरून सांगितलं, पोरगा नजरेचाही पक्का आणि मनाचाही मोठा! आता दुसरी पोलिसांची मालिका येतेय, सोमवारी, सगळे भाग एकदम. बाबांनी त्यांची आरामखुर्ची मला दिलीय. म्हणाले, 'या वेळी तू आधी लिही, मी शिकतो.' शिकतो म्हणाले हो, माझ्याकडून!

आता त्या खुर्चीत बसून मी चुकू? कसा चुकू, तुम्हीच सांगा! बघणार, करणार काय... बघणारच ना फक्त? तुम्ही एवढं करा, सोमवारी दुपारी कुठे जायचं असेल तर जिन्यानं जा.